थंडरबर्ड: मेलमधली छुपी चित्रं अडवण्यात किती पक्कं?

वाळूजचा जॉबवर्कवाला असो की लातूरचा क्लासवाला, धंद्याचा ई-मेल पत्ता बोर्डावर, पावतीवर, जाहिरातीत सगळीकडे छापलेला असतो. मग 'परचेस ऑर्डर', 'थकीत बिल' असल्या विषयांचे फालतू मेल येणारच. लिंक दाबली तरच धोका, नुसता मेल उघडल्याने काय होतंय, हा समज चुकीचा आहे. अशा मेलमध्ये बऱ्याचदा १ बाय १ पिक्सेलचं पारदर्शक चित्र असतं आणि त्याच्या लिंकमध्ये फक्त तुमच्यासाठीचा क्रमांक असतो. ते चित्र सर्व्हरवरून उतरलं की पाठवणाऱ्याला कळतं, हा पत्ता चालू आहे, मेल इतक्या वाजता उघडला. आयपी पत्ता, म्हणजे तुमच्या नेट जोडणीची ओळख, तीही जाते.

यावर कॉम्प्युटरसाठी थंडरबर्डइतका भरवशाचा, मेल वाचायचा फुकट प्रोग्रॅम दुसरा सुचवता येत नाही. बाहेरून येणारी चित्रं तो मुळातच अडवतो. सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी' उघडा आणि 'अलाऊ रिमोट कंटेंट इन मेसेजेस'समोर टिक नाही एवढं बघा. ब्राउझरची काही एक्स्टेन्शन्स (जोड-प्रोग्रॅम) ओळखीच्या ट्रॅकरची, म्हणजे पाळत ठेवणाऱ्या साइटची, यादी लावून चित्रं पकडतात, पण नवीन डोमेन (साइटचं नाव) आलं की फसतात. शिवाय पाळत ठेवणारं चित्र बारीकच असतं असं नाही, कंपनीचा मोठा लोगोही तेच काम करतो. थंडरबर्ड ओळखत बसत नाही, सरसकट अडवतो. हेच बरोबर आहे. जिथे नेट रडतखडत चालतं तिथे मेल उघडतोही पटकन.

गडबड होते ती मेलच्या वर येणाऱ्या पट्टीवर. तिथल्या बटणात 'फक्त या मेलसाठी दाखवा' आणि 'या पाठवणाऱ्यासाठी कायम दाखवा' असे दोन्ही पर्याय असतात. कायमचा पर्याय घेऊ नका. पाठवणाऱ्याचं नाव-पत्ता खोटा टाकता येतो, त्यामुळे ओळखीच्या नावाने आलेला स्पॅम थेट आत शिरतो. आधी परवानगी दिली असेल तर त्याच सेटिंगशेजारच्या 'एक्सेप्शन्स'मधून काढून टाका.

खात्री करायची असेल तर कंट्रोल आणि यू दाबून मेलचा सोर्स (मेलमागचा मूळ कोड) उघडा, चित्राची खूण 'आयएमजी' (img) शोधा. रुंदी-उंची १ लिहिलेली सापडेल. पुष्कळदा बरोबरच्या (=) चिन्हानंतर '३डी' (3D) चिकटलेलं दिसतं, ते एन्कोडिंगमुळे, म्हणजे मेल पाठवताना अक्षरं बदलून लिहिण्याच्या पद्धतीमुळे, घाबरायचं कारण नाही. सगळाच मजकूर अगम्य अक्षरांचा दिसला तर तो बेस-६४ या सांकेतिक रूपात आहे, तिथे शोधून काही मिळणार नाही.

जीमेल ब्राउझरमध्येच वापरणाऱ्यांनी सेटिंग्जमधल्या 'जनरल'मध्ये 'इमेजेस'समोर 'आस्क बिफोर डिस्प्लेइंग एक्स्टर्नल इमेजेस' निवडून खाली 'सेव्ह चेंजेस' दाबावं. ते बटण राहून गेलं की सगळं पहिल्यासारखं. २०१३ पासून जीमेल चित्रं स्वतःच्या सर्व्हरमार्फत आणतं, म्हणून तुमचा आयपी लपतो. पण चित्र दिसू दिलं तर मेल उघडला हे पाठवणाऱ्याला तरीही समजतं, कारण क्रमांक लिंकमध्येच असतो.

थंडरबर्डची खरी अडचण जुन्या लॅपटॉपवर. जीमेल जोडलं की सगळी जुनी टपाल उतरवायला घेतो आणि मशीन दमतं. अकाउंट सेटिंग्जमधल्या 'सिंक्रोनायझेशन अँड स्टोरेज'मध्ये अलीकडचे ३० दिवस एवढंच ठेवा. बिलाच्या पीडीएफला चित्रं अडवल्याने काहीच होत नाही. जाहिरातींचे मेल मात्र कोरे दिसतात, ते चालतंय.

अँड्रॉइडवर २०२४ पासून थंडरबर्ड आहे, के-९ मेल या आधीच्या मेल अ‍ॅपवरच बांधलेला. त्यात चित्रं कायम दाखवण्याच्या सेटिंगला 'नो' ठेवा. 'कॉन्टॅक्ट्समधल्यांची दाखवा' यात तोच खोट्या नावाचा धोका.

आणखी एक. स्पॅममधलं 'अनसबस्क्राइब' दाबलं तर चित्रं अडवूनही पत्ता चालू असल्याचं कळतंच. मेल नुसता स्पॅममध्ये टाका.