बॅकयार्डसाठी ब्लू स्प्रूस घ्यावा की इथला व्हाइट स्प्रूस?

मिनेसोटा किंवा विस्कॉन्सिनात घर घेतलं आणि मागे मोकळं लॉन असलं की पहिल्याच हिवाळ्यात कळतं, वायव्येकडून येणारा वारा अडवायला काहीतरी दाट आणि बारमाही हिरवं हवं, शिवाय मागच्या घराच्या डेकवरून सरळ आपल्या किचनमध्ये दिसतं तेही झाकायचं असतं. आर्बरव्हिटे (कुंपणाला लावतात ते बारमाही हिरवं झाड) लावावी तर हरणं हिवाळ्यात तोंड पोचेल तिथपर्यंत साफ करतात, त्यामुळे बरेच जण फिरून फिरून स्प्रूस या सुईसारख्या पानांच्या झाडावरच येतात. मग प्रश्न उरतो तो हा, की कोलोरॅडो ब्लू घ्यायचा की इथला नेटिव्ह व्हाइट स्प्रूस. माझ्याकडे दोन्ही होते, आता एकच आहे, म्हणून जे बघितलं ते लिहितोय.

आधी ब्लूबद्दल, कारण नर्सरीत नजर आधी त्याच्यावरच जाते. तो चंदेरी निळा रंग म्हणजे सुयांवरचा मेणाचा पातळ थर, आणि कोवळ्या फुटव्यावर मे-जूनमध्ये तो इतका सुंदर दिसतो की बाकीची झाडं फिकी वाटतात, हे मी आजही मान्य करतो. कोलोरॅडोने १९३९ मध्ये त्याला राज्यवृक्ष केलं, युटाचाही तो बरीच वर्षं राज्यवृक्ष होता, २०१४ मध्ये त्यांनी तो मान ॲस्पेन या झाडाला दिला. त्याचं मूळ घर म्हणजे रॉकी पर्वतांतले ओढ्याकाठचे उतार, साधारण सहा ते दहा हजार फुटांवरचे, म्हणजे मुळाशी पाणी पण सुयांना कायम कोरडी हवा. ही गोष्ट नीट लक्षात ठेवा कारण पुढचं सगळं दुखणं तिथूनच सुरू होतं. आपल्याकडे उन्हाळ्यात हवा दमट, सकाळी दव, मे-जूनमध्ये पाऊस, आणि वरून लॉनचे स्प्रिंकलर खालच्या फांद्या रोज भिजवतात.

आमच्या घरी आधीच्या मालकाने लावलेली ब्लू स्प्रूसची रांग होती. लांबून बघितलं तर शेंडे एकदम छान, पण खालच्या फांद्या विरळ व्हायला लागल्या होत्या. सुरुवातीला वाटतं की ठीक आहे, जुन्या सुया गळणारच, आणि ते खरंही आहे, आतल्या बाजूच्या सगळ्यात जुन्या सुया शरद ऋतूत पिवळ्या होऊन गळतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण निरोगी स्प्रूस पाच-सात वर्षांच्या सुया धरून ठेवतो आणि आमच्या झाडांच्या खालच्या फांद्यांवर फक्त टोकाशी, त्या वर्षीच्या तेवढ्या हिरव्या होत्या, आत नुसत्या काड्या. एक जांभळट तपकिरी झालेली सुई तोडून भिंगाखाली धरली तर निरोगी सुईवर जिथे पांढऱ्या ठिपक्यांच्या बारीक ओळी असतात, अगदी तिथेच, त्याच ओळींत, काळे ठिपके. ती झाडाची श्वास घ्यायची छिद्रं आणि बुरशी त्यांच्यातूनच डोकं बाहेर काढते. रायझोस्फेरा नीडल कास्ट म्हणतात त्याला. वसंतात कोवळ्या सुयांना लागण होते पण लगेच काही दिसत नाही, दिसतं ते त्या वर्षाच्या शेवटी किंवा पुढच्या वसंतात, आणि दुसऱ्या वर्षी सुया गळून जातात. म्हणजे आपल्याला कळतं तेव्हा झाड एक वर्ष आधीच आजारी पडलेलं असतं.

याला उपाय नाही असं नाही, क्लोरोथॅलोनिल किंवा कॉपरचं फंगिसाइड (बुरशीनाशक) चालतं. पण ते मारायचं कधी, तर नव्या सुया अर्ध्या वाढल्या असतील तेव्हा एकदा आणि मग तीन-चार आठवड्यांनी परत, आणि हे कमीत कमी दोन वर्षं ओळीने. त्या दिवसांत वारा नसलेला आणि पाऊस नसलेला वीकेंड मिळायला हवा, मिळाला तरी घरच्या पंपाची फवार उंच झाडाच्या अर्ध्यापर्यंतही जात नाही, मग माणूस बोलवा, त्याची तारीख आपल्या वेळेशी जुळवा. आणि एवढं सगळं करून नवीन सुया वाचतात, गेलेल्या परत येत नाहीत. उघड्या पडलेल्या जुन्या लाकडातून स्प्रूस नवीन फूट काढत नाही. माझ्यासाठी निकाल इथेच लागला. झाड मरत नव्हतं, वर्षानुवर्षं उभं राहिलं असतं, पण मला आडोसा हवा होता तो जमिनीपासून सहा-आठ फुटांपर्यंत आणि नेमका तेवढाच भाग उघडा पडत होता. वर तीस फुटांवर कितीही निळं असलं तरी डेकवरून किचन दिसायचं ते दिसतच होतं, आणि वाराही खालूनच यायचा. त्यात भर म्हणजे काही ब्लूंना सायटोस्पोरा कँकर नावाचा बुरशीचा दुसरा रोग होतो, फांदीवर पांढरट राळ गळते आणि अख्खी फांदी वाळते, त्यावर तर फवारणीही नाही, फांदी कापायची एवढंच.

आता व्हाइट स्प्रूस. अलास्कापासून न्यूफाउंडलंडपर्यंत जवळपास अख्खा कॅनडा आणि खाली मिनेसोटाचा उत्तर भाग, विस्कॉन्सिन, मिशिगन, मेन, इतका मोठा पसारा आहे त्याचा. थंडीची काळजी नको, झोन २ चं, म्हणजे अगदी कडाक्याच्या थंडीच्या पट्ट्यातलं झाड आहे. रंगात ब्लूची शान नाही, करडी झाक असलेला निळसर हिरवा, म्हणजे लांबून बघून कोणी थांबणार नाही, पण सुया आखूड आणि कमी टोचऱ्या, मुलांचा बॉल आत गेला तर हात घालून काढता येतो, ब्लूमध्ये हात घालून बघा म्हणजे फरक कळेल. त्याचे कोन, म्हणजे बियांचे शंकू, तर मला फारच आवडतात, बोटाच्या दोन पेरांएवढे, खवल्या पातळ आणि लवचिक, वाळलेला कोन मुठीत दाबला तरी टोचत नाही. खारी आणि चिकॅडी पक्षी त्यातल्या बियांवर हिवाळा काढतात. एक वासाची गोष्ट मात्र खरी आहे, सुया चुरगळल्या की उग्र वास येतो, काही लोक त्याला कॅट स्प्रूस किंवा स्कंक स्प्रूस म्हणतात ते उगाच नाही. अंगणात तो जाणवतही नाही, पण ख्रिसमसला फांद्या कापून घरात आणायच्या असतील तर विचार करा.

नीडल कास्ट व्हाइटला होतच नाही असं मी म्हणणार नाही, होऊ शकतो, पण ब्लूइतका सहज धरत नाही. आमच्याकडे त्याच जागी, त्याच मातीत, त्याच पावसात व्हाइट उभे आहेत आणि खालच्या फांद्या लॉनला टेकलेल्या आहेत, आत हात घातला तरी मागच्या वर्षांच्या सुया लागतात. मी काही मोजमाप केलेलं नाही, पण मला फवारणीचा पंप परत काढावा लागला नाही एवढं सांगू शकतो.

त्याची स्वतःची दुखणी आहेत. यलो-हेडेड सॉफ्लाय नावाच्या माशीच्या अळ्या जूनमध्ये उघड्यावरच्या लहान व्हाइट स्प्रूसवर बसतात आणि आधी कोवळ्या मग जुन्या सुया खातात, आणि वर म्हटलं तसं एकदा उघडी पडलेली फांदी भरत नाही, म्हणून मेच्या शेवटापासून झाडाभोवती चक्कर मारत राहायचं, लहान झाड असेल तर अळ्या हाताने झटकून साबणाच्या पाण्यात टाकल्या की पुरतं. वसंतात आणि शरदात, हवा थंड असताना, स्पायडर माइट नावाचे अगदी बारीक किडे येतात, फांदी पांढऱ्या कागदावर झटकली की धुळीसारखे ठिपके चालताना दिसतात, जोरदार पाण्याने झाड धुतलं तर बराच फरक पडतो. आणि मूळचं उत्तरेचं, थंड प्रदेशातलं झाड आहे, त्यामुळे आयोवाच्या दक्षिणेला किंवा त्याखाली राहणाऱ्यांना मी हे सुचवणार नाही, तिथला उन्हाळा त्याला झेपत नाही.

व्हाइटमध्येच ब्लॅक हिल्स स्प्रूस म्हणून एक प्रकार मिळतो, साउथ डकोटाचा राज्यवृक्ष, जास्त दाट, जरा सावकाश वाढणारा आणि कोरडेपणा चांगला सोसणारा. वाट बघायची तयारी असेल तर माझं मत त्याच्याकडेच झुकतं. ड्वार्फ अल्बर्टाशी गल्लत करू नका, तोही व्हाइट स्प्रूसच आहे, १९०४ मध्ये अल्बर्टात लेक लुईजजवळ सापडलेला बुटका नमुना, पण तो दाराशी कुंडीत शोभतो, वारा अडवायला नाही. नॉर्वे स्प्रूसबद्दल पण विचारलं जातं, नीडल कास्टला तो चांगलाच दाद देत नाही आणि भराभर वाढतो, फक्त एवढा अवाढव्य होतो की साध्या सबर्बन प्लॉटला पुरून उरतो. एकरभर जागा असेल तर जरूर घ्या.

लावताना ब्लू आणि व्हाइट दोघांनाही तेच लागतं, पूर्ण ऊन आणि पाणी न साचणारी जमीन. व्हाइट थोडी सावली चालवून घेतो. अंतराच्या बाबतीत हात आखडू नका, दोन झाडांत बारा ते पंधरा फूट ठेवा आणि घराच्या भिंतीपासून किमान पंधरा, कारण आज कमरेएवढं दिसणारं रोप पुढे दहा ते वीस फूट घेर धरतं, आणि गर्दीत हवा खेळली नाही की बुरशीला आयतंच आमंत्रण. बुंधा जिथे रुंद होऊन मुळं फुटतात ती जागा मातीच्या वर दिसली पाहिजे, नर्सरीतून येणाऱ्या मुळांभोवतीच्या मातीच्या गोळ्यात ती बऱ्याचदा आत गाडलेली असते, माती उकरून शोधावी लागते. मल्च, म्हणजे मुळांवरचं आच्छादन, तीन इंच, पण खोडाला चिकटवून नाही. मुळं उथळ असतात म्हणून पहिली दोन-तीन वर्षं पाणी द्यायचं ते जमीन गोठेपर्यंत, नाहीतर फेब्रुवारी-मार्चच्या ऊन-वाऱ्यात सुया पाणी सोडतात, गोठलेल्या जमिनीतून मुळं ते भरून देऊ शकत नाहीत आणि झाडाची एक बाजू तांबडी पडते. खालच्या फांद्या मॉवर फिरवायला म्हणून कापू नका, त्या गेल्या की गेल्या.

ब्लू कोणी घ्यावा? तुम्ही पश्चिम डकोटा, माँटाना अशा कोरड्या भागात असाल तर आनंदाने घ्या. रस्त्याला लागून जागा असेल, हिवाळ्यात मिठाचे शिंतोडे उडत असतील, तर मीठ ब्लू जास्त सोसतो. किंवा एकच झाड, चारी बाजूंनी मोकळं, स्प्रिंकलरपासून लांब, खास रंगासाठी हवं असेल तरीही माझी हरकत नाही. पण मिनेसोटाच्या दमट पट्ट्यात रांग लावून आडोसा करायचा असेल तर मी तरी परत ब्लू लावणार नाही.

मोठी झाडं महाग पडतात म्हणून बऱ्याच काउंटींच्या सॉइल अँड वॉटर कन्झर्व्हेशन डिस्ट्रिक्टची (माती-पाणी संवर्धनाचं सरकारी कार्यालय) ट्री सेल बघा, ऑर्डर हिवाळ्यात घेतात, रोपं एप्रिलच्या शेवटी किंवा मेमध्ये मिळतात, बेअर-रूट, म्हणजे मुळांना माती नसलेली असतात त्यामुळे लावेपर्यंत मुळं ओल्या पोत्यात गुंडाळून सावलीतच ठेवा. आणि खणण्याच्या आधी काही दिवस ८११ ला फोन करून गॅसच्या आणि केबलच्या लाइन मार्क करून घ्या, ते लोक फुकट करून देतात.