जीसीएसई लॅटिन: ओसीआर घ्यावे की एड्युकास?

इंग्लंडमध्ये साधारण सोळाव्या वर्षी दिल्या जाणाऱ्या जीसीएसई परीक्षेसाठी लॅटिन घ्यायचे ठरले, की पुढचा प्रश्न परीक्षा मंडळाचा असतो. बहुतेक शाळांत तो निर्णय शिक्षकांनी आधीच घेतलेला असतो. मात्र जी मुले घरी शिकतात, ज्यांच्या शाळेत लॅटिन नसल्यामुळे ती खाजगी शिक्षकाकडे जातात, किंवा ज्या शाळा हा विषय नव्याने सुरू करत आहेत, त्यांना ओसीआर आणि एड्युकास या दोन मंडळांमधून खरोखरच निवड करावी लागते. दोन्हींचे प्रमाणपत्र समान मानले जाते, दोन्हींवर ऑफक्वाल या नियामक संस्थेची देखरेख आहे आणि दोन्हींत 9 ते 1 अशाच श्रेणी मिळतात. खरा फरक साहित्याची परीक्षा कशी घेतली जाते यात आहे, आणि माझ्या मते निवडही मुख्यतः त्याच मुद्द्यावर व्हावी.

अशी निवड करता येणे हे तसे अलीकडचे आहे. एक्यूए मंडळाने या शतकाच्या पहिल्या दशकात लॅटिन बंद केल्यावर जीसीएसईसाठी ओसीआर हे एकच मंडळ उरले होते. वेल्समधील डब्ल्यूजेईसी मंडळाची लॅटिनची प्रमाणपत्रे काही शाळा देत असत, पण ती जीसीएसई नव्हती. 2016 मध्ये नवे अभ्यासक्रम सुरू झाले, 2018 मध्ये त्यांची पहिली परीक्षा झाली, आणि त्याच वेळी डब्ल्यूजेईसीने एड्युकास या नावाने इंग्लंडसाठी जीसीएसई लॅटिन आणले. या सुधारणेत ए-स्टार ते जी या श्रेणी जाऊन 9 ते 1 आल्या, ओसीआरमधील वरचा आणि खालचा असे वेगवेगळे स्तर गेले, आणि सर्व प्रश्नपत्रिका अभ्यासक्रमाच्या शेवटी एकदमच द्यायच्या असे ठरले. स्तर गेल्यामुळे सर्वांना एकच प्रश्नपत्रिका मिळू लागली. आठवड्याला मोजकेच तास मिळणाऱ्या मुलांना जुन्या छोट्या प्रमाणपत्रांचा मोठा आधार होता, आणि त्यांची जागा घेईल असे काही त्या सुधारणेने दिले नाही, याची खंत वाटते.

भाषेच्या भागाबद्दल फार काळजी करण्याचे कारण नाही, कारण तिथे दोन्ही मंडळे जवळजवळ सारखीच आहेत. दोन्हींत भाषेला 50 टक्के भार आहे, प्रश्नपत्रिका दीड तासाची आहे, आणि शिकायचा शब्दसंग्रह साडेचारशे शब्दांच्या आसपास आहे. अपठित उताऱ्यावर आकलनाचे प्रश्न येतात आणि एका उताऱ्याचे इंग्रजीत भाषांतर करावे लागते. त्याखेरीज दोन्हींत एक छोटा विभाग असतो, ज्यात इंग्रजी वाक्यांचे लॅटिन करायचे किंवा दिलेल्या उताऱ्यातील व्याकरण ओळखायचे, यांपैकी एक पर्याय निवडता येतो. ओसीआरमध्ये या विभागाला 100 पैकी 10 गुण आहेत. महाराष्ट्रात दहावीला संपूर्ण किंवा संयुक्त संस्कृत केलेल्या पालकांना या अर्ध्या भागात मुलांना मदत करणे कठीण जाऊ नये. विभक्ती, वचन, पुरुष आणि काळ यांची चौकट ओळखीची आहे. फक्त लॅटिनमध्ये आपली तृतीया, पंचमी आणि बहुतांशी सप्तमी यांचे काम एकच विभक्ती करते, हे मुलाला सुरुवातीलाच समजावून द्यावे.

उरलेल्या 50 टक्क्यांत मात्र वाटा वेगळ्या होतात. ओसीआरमध्ये गद्याचे दोन, पद्याचे दोन आणि साहित्य व संस्कृती असा एक, अशा पाच पर्यायांतून दोन प्रश्नपत्रिका निवडायच्या असतात. प्रत्येकीला एक तास, 50 गुण आणि 25 टक्के भार आहे. नेमलेल्या लॅटिन मजकुरातील काही ओळी प्रश्नपत्रिकेत छापलेल्या असतात, पण आपले पुस्तक सोबत नेता येत नाही. शिवाय 10 गुणांचा एक दीर्घोत्तरी प्रश्न असतो, ज्यासाठी नेमलेला संपूर्ण मजकूर आठवून त्यातील उदाहरणे द्यावी लागतात. याचा व्यवहारातला परिणाम असा होतो की बहुसंख्य विद्यार्थी मजकुराचे इंग्रजी भाषांतर जवळजवळ तोंडपाठ करतात आणि कवीच्या शब्दयोजनेवरील टिपणेही त्यासोबत पाठ करतात. पाठांतर ही हलकी गोष्ट नव्हे. व्हर्जिलच्या ओळी वर्षभर डोक्यात घोळत राहिल्या, तर त्यातून काही ना काही कायमचे उरते. परंतु पाठ केलेले इंग्रजी भाषांतर हे लॅटिन वाचता येण्याचे प्रमाण ठरत नाही, आणि ओसीआरच्या साहित्याच्या प्रश्नपत्रिकांत ही सीमारेषा अनेकदा पुसट होते.

एड्युकासने या भागाची रचना निराळी केली आहे. दुसऱ्या प्रश्नपत्रिकेला सव्वा तास आणि 30 टक्के भार आहे. तिच्यात एका विषयसूत्राभोवती, उदाहरणार्थ प्रवास किंवा प्रेम व विवाह, वेगवेगळ्या लेखकांचे गद्य आणि पद्य उतारे एकत्र वाचायचे असतात, आणि त्यांच्या जोडीला त्या काळातील इतर साधनांचाही अभ्यास असतो. तिसरी प्रश्नपत्रिका एक तासाची आणि 20 टक्के भाराची असून तिच्यात एकसलग लॅटिन कथानक किंवा रोमन संस्कृती यांतून निवड करता येते. साहित्याच्या परीक्षेत नेमलेल्या मजकुराची कोरी, म्हणजे टिपणे न लिहिलेली, प्रत विद्यार्थ्यासमोर असते. प्रत समोर असली म्हणजे परीक्षा सोपी झाली, असा समज करून घेऊ नये. ज्याने मजकूर आधी बारकाईने वाचलेला नाही, त्याचा अर्धा वेळ ओळी शोधण्यात जातो. पण ज्याने वाचला आहे, त्याला स्मरणाची धास्ती न बाळगता त्याच ओळींवर विचार करता येतो, आणि साहित्याच्या परीक्षेकडून आपण अपेक्षा ठेवावी ती हीच, असे मी निःसंकोचपणे म्हणेन.

संस्कृतीचा पर्याय दोन्हीकडे आहे, पण त्याचे वजन सारखे नाही. ओसीआरमध्ये तो 25 टक्के आहे, म्हणजे तो घेणाऱ्याला लॅटिन साहित्याची एकच प्रश्नपत्रिका द्यावी लागते. एड्युकासमध्ये तो 20 टक्के आहे, आणि विषयसूत्राची प्रश्नपत्रिका सर्वांनाच असल्यामुळे लॅटिन साहित्य थोडे अधिक वाचले जाते. मुलाला इतिहासाची आवड असेल आणि लॅटिनचे तास कमी असतील, तर कोणत्याही मंडळात हा पर्याय घ्यायला हरकत नाही.

पुढे ए-लेव्हललाही, म्हणजे साधारण अठराव्या वर्षीच्या परीक्षेलाही, लॅटिन घ्यायचे असेल, तर एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. इंग्लंडमध्ये ए-लेव्हल लॅटिन फक्त ओसीआर घेते. त्या परीक्षेत अपठित भाषांतराला 33 टक्के, लॅटिन गद्यरचना किंवा आकलन यांना 17 टक्के, आणि गद्य व पद्य साहित्याला प्रत्येकी 25 टक्के भार आहे. यावरून काही जण जीसीएसईलाही ओसीआरच घ्यावे असा सल्ला देतात. मला तो सल्ला अर्धाच पटतो. ओसीआरची प्रश्नशैली आधीपासून ओळखीची असणे हा लाभ खरा आहे. पण ए-लेव्हलचा सर्वांत मोठा भार अपठित भाषांतरावर आहे, आणि त्याची तयारी दोन्ही मंडळांच्या भाषेच्या अर्ध्या भागात सारखीच होते. एड्युकास करून आलेल्या विद्यार्थ्याला ए-लेव्हलची दारे पूर्ण उघडी असतात. त्याने नेमलेला मजकूर पुस्तक मिटून सांगण्याचा सराव उन्हाळ्याच्या सुट्टीत सुरू केला, म्हणजे पुरे.

केंब्रिजच्या आयजीसीएसई, म्हणजे जीसीएसईच्या आंतरराष्ट्रीय आवृत्तीच्या, लॅटिनमध्ये भाषा आणि साहित्य अशा दोनच प्रश्नपत्रिका आहेत. इंग्लंडच्या सरकारी शाळांत ती परीक्षा क्वचितच असते, पण नोकरीनिमित्त देश बदलणाऱ्या कुटुंबांनी तिचा विचार अवश्य करावा.

निवड करताना मंडळाइतकाच शिक्षकाचाही विचार करावा लागतो, कारण सरकारी शाळांतील लॅटिनची स्थिती नाजूक आहे. 2021 मध्ये सरकारने 40 लाख पौंडांची लॅटिन एक्सलन्स योजना जाहीर केली आणि 2022 पासून ती सरकारी शाळांत राबवली गेली. पुढे डिसेंबर 2024 मध्ये तिचा निधी फेब्रुवारी 2025 मध्ये थांबेल असे जाहीर झाले, म्हणजे मुले ऐन अभ्यासक्रमाच्या मध्यात असताना. हा निर्णय अन्यायाचा होता, असे मला ठामपणे वाटते. त्यानंतर नोव्हेंबर 2025 मधील अभ्यासक्रम पुनरावलोकनाने ईबॅक हे शाळांचे मोजमाप रद्द करण्याची शिफारस केली आणि सरकारने ती स्वीकारली. त्या मोजमापात लॅटिन भाषा म्हणून धरले जात असे, त्यामुळे शाळांना हा विषय ठेवण्याचे एक कारण कमी होणार आहे.

म्हणून ज्या मुलाला आठवड्याला दोन-तीनच तास मिळतात, जे उशिरा सुरुवात करत आहे किंवा ज्याला पाठांतराचा ताण येतो, त्याच्यासाठी मी एड्युकास सुचवेन. ज्याची स्मरणशक्ती चांगली आहे, ज्याला गद्य आणि पद्य स्वतंत्रपणे सलग वाचायला आवडेल आणि ज्याचा ए-लेव्हलचा विचार पक्का आहे, त्याने ओसीआर घ्यावे. मात्र शिक्षकाला एकाच मंडळाचा अनुभव असेल, तर तेच मंडळ घ्यावे. नेमलेला मजकूर काही वर्षांनी बदलतो, तेव्हा पुस्तके विकत घेण्यापूर्वी मूल ज्या वर्षी परीक्षेला बसणार आहे त्या वर्षाची यादी मंडळाकडून पाहून घ्यावी. घरी शिकणाऱ्या मुलांच्या पालकांनी बाहेरचे परीक्षार्थी घेणारे केंद्र परीक्षेच्या वर्षाच्या, म्हणजे इंग्लंडमधील अकराव्या इयत्तेच्या, सुरुवातीलाच शरद ऋतूत गाठावे, कारण सर्व केंद्रे दोन्ही मंडळांची लॅटिन परीक्षा घेतातच असे नाही.