तीसच राहिलंय, साहेब!

गाडीचा एसी गार हवा देईनासा झाला की बॉनेट उघडायच्या आधीच उत्तर तयार असतं, ‘गॅस संपलाय, भरून टाकू.’ फसवणूक इथूनच सुरू होते. एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही, बंद नळ्यांतून तोच तो फिरत राहतो. रबरी होजमधून वर्षानुवर्षं किंचित झिरपतो हे खरं, पण एका हंगामात हवा कोमट व्हायला लागली आणि गॅस खरंच कमी निघाला, तर कुठेतरी लीक आहे. ते न शोधता भरलेला गॅस काही दिवसांत पुन्हा उडून जातो आणि गिऱ्हाईक पुन्हा दारात उभं राहतं.

सगळ्यात हमखास चलाखी गेजची. गेज म्हणजे गॅसचं प्रेशर दाखवणारी काट्याची तबकडी. निळं गेज लो साइडचं, म्हणजे कमी प्रेशरच्या नळीचं, लाल हाय साइडचं, म्हणजे जास्त प्रेशरच्या नळीचं. आर-१३४ए गॅसच्या गाडीत एसी चालू असताना निळा काटा साधारण २५ ते ४५ पीएसआयवर (पीएसआय हे प्रेशरचं माप) आणि लाल १५० ते २५० वर असतो. कडक उन्हात दोन्ही चढतात. फसवणारा फक्त निळ्या काट्यावर बोट ठेवतो, ‘बघा साहेब, तीसच राहिलंय.’ अहो, तीस म्हणजे प्रकृती ठणठणीत! लाल काटा कुठे आहे ते विचारा. इंजिन गार असताना, सुरू करण्याआधी, दोन्ही काटे सारखे असतात आणि ३० अंश तापमानाला ९५ ते १०० पीएसआयच्या आसपास दिसतात. अर्थात एवढ्यावरून गॅस आहे की उडालाय इतकंच कळतं. किती आहे, ते फक्त वजनावर कळतं.

म्हणून वजनाचा आग्रह धरा. बॉनेटखालच्या स्टिकरवर गॅसचा प्रकार आणि ग्रॅम छापलेले असतात. समजा स्टिकरवर ४८० ग्रॅम आहे. मशीनने जुना गॅस काढून घेतला आणि तो ४५० ग्रॅम निघाला, तर दोष गॅसचा नव्हताच. २०० निघाला, तर आधी लीक शोधायचं: नायट्रोजनचं प्रेशर देऊन साबणाचा फेस लावायचा, किंवा डाय, म्हणजे चमकणारा रंग, टाकून यूव्ही दिव्याखाली बघायचं. इथेही एक मेख आहे. गॅस भरायच्या तोंडाशी डायचा पिवळट-हिरवा डाग भरतानाच सांडलेला असू शकतो, तो लीकचा पुरावा नाही. तोंड पुसून, गाडी चालवून परत बघायला सांगा. दुरुस्ती झाली की उघडलेल्या जोडांच्या ओ-रिंग (रबरी कड्या) नव्या, मग निदान अर्धा तास व्हॅक्यूम, म्हणजे पंपाने नळ्यांतली हवा आणि ओल ओढून काढणं, पंप बंद करून काटा हलत नाही ना हे पाहणं, आणि शेवटी तराजूवर मोजून गॅस. ‘पाइप हाताला गार लागेपर्यंत’ भरणाऱ्याकडून गाडी काढून घ्या. जास्त गॅस झाला तर प्रेशर चढतं, गारवा उलट कमी होतो आणि प्रेशरवर नजर ठेवणारा स्विच कॉम्प्रेसर, म्हणजे गॅस दाबून फिरवणारा पंप, बंद पाडतो.

गॅसशी संबंध नसलेले बिघाडही याच वाक्याखाली खपवले जातात. पळती गाडी गार आणि सिग्नलला गरम, तर आधी कंडेन्सरचा, म्हणजे गॅस गार करणाऱ्या पुढच्या जाळीचा, पंखा बघा. हवा गार पण जोर नाही, तर केबिन फिल्टर. सुरुवातीला छान, तासाभराने झोत मंदावतो आणि एसी थोडा वेळ बंद ठेवला की पुन्हा सुधारतो, तर कूलिंग कॉइलवर बर्फ धरतोय. तिथे बहुतेकदा सेन्सर दोषी. एका बाजूला गार, दुसरीला गरम, तर फ्लॅपची, म्हणजे आत हवा वळवणाऱ्या झडपेची, मोटर. पण हे लक्षण गॅस कमी असतानाही दिसतं, तेव्हा घाई नको.

‘कॉम्प्रेसर गेला’ हे त्याहून महागाचं वाक्य. क्लचच्या (कॉम्प्रेसर पुलीला जोडणाऱ्या-सोडणाऱ्या भागाच्या) कॉम्प्रेसरवर एसी लावताच टक्क आवाज येऊन पुलीचा पुढचा भाग फिरायला हवा. फिरत नसेल तर आधी फ्यूज, रिले आणि क्लचच्या वायरला करंट येतोय का ते तपासून घ्या. गॅस अगदी कमी असला तरी स्विच क्लच लागू देत नाही. मात्र कॉम्प्रेसर आतून घासून नळ्यांत धातूचा चुरा उतरला असेल, तर कंडेन्सर आणि ड्रायरही (गॅसमधली ओल शोषणारा डबा) बदला म्हणणारा कारागीर लुटत नसतो. तो चुरा ठेवून नवा कॉम्प्रेसर बसवला तर तोही जाणार. फक्त चुरा आणि जुने भाग समोर ठेवायला सांगा, आणि त्या भागांवरचा नंबर आपल्याच गाडीचा आहे ना ते काम सुरू होण्याआधी काढलेल्या फोटोशी ताडून बघा.