मसुरीचं हॉटेल खरं होतं, बुकिंग खोटं

मसुरी, नैनिताल किंवा तिकडचं दुसरं कुठलं थंड हवेचं ठिकाण ठरवत असाल आणि हॉटेलचा नंबर इंटरनेटवर शोधून बुकिंग करणार असाल, तर पैसे पाठवण्याआधी हे वाचा. आमच्या घरच्या फसवणुकीत स्वस्तातलं पॅकेज नव्हतं, बक्षीस नव्हतं, कुणी ओटीपी मागितला नव्हता. हॉटेल खरं होतं, माल रोडला लागूनच होतं. फोटो त्याच हॉटेलचे होते आणि दरही ऐन सीझनमध्ये असतो तेवढाच सांगितला होता. खोटा होता तो फोन उचलणारा माणूस.

आई-बाबांना हिमालय दाखवायचा हे दादाच्या मनात बरीच वर्षं होतं. केदारनाथ बाबांना झेपलं नसतं, म्हणून मसुरी ठरली. डेहराडूनपासून पस्तीसेक किलोमीटर, उंची सुमारे दोन हजार मीटर; खाली डेहराडून मे महिन्यात भाजून निघतं तेव्हा वर संध्याकाळी स्वेटर लागतो. काळजी होती ती बाबांच्या गुडघ्यांची. मसुरी डोंगराच्या धारेवर वसलेली आहे. लायब्ररी चौक ते पिक्चर पॅलेस हा माल रोड त्यातल्या त्यात सपाट, पण त्याच्या वर-खाली असलेल्या पुष्कळ हॉटेलांना पायऱ्या किंवा उभा चढ असतो. दादा-वहिनींनी लोकांचे अभिप्राय नीट वाचून एक हॉटेल निवडलं, आणि नकाशाच्या ॲपवर त्या हॉटेलच्या नावाखाली जो नंबर दिसला त्यावर दादाने फोन लावला.

तो फोन स्पीकरवर होता, आम्ही सगळे ऐकत होतो. पलीकडच्याने हॉटेलचं नाव घेऊन नमस्कार केला. तारखा विचारल्या. ‘एक मिनट सर, देखके बताता हूँ’ म्हणून थांबला. मग म्हणाला, शनिवारी आलात तर दरीच्या बाजूच्या खोल्या मिळणार नाहीत, शुक्रवारी आलात तर दोन देऊ शकतो. बाबांच्या गुडघ्यांचं कळल्यावर स्वतःहून म्हणाला, ‘बाबूजी को रिसेप्शन वाले फ्लोअर पे दे दूँगा, सीढ़ी नहीं चढ़नी पड़ेगी.’ वहिनीने गरम पाण्याचं विचारलं, तर ते सकाळीच असतं, दिवसभर नाही, असं सांगितलं. दर थोडा कमी करा म्हटल्यावर ठाम नकार दिला.

या नकारांकडे लक्ष द्या. ज्याला फक्त पैसे उकळायचे आहेत तो सगळ्याला हो म्हणेल, अशी आपली समजूत असते. हा माणूस तीन गोष्टींना नाही म्हणाला, म्हणून खरा वाटला. फोन कट झाल्यावर आलेल्या नंबराची ओळख सांगणाऱ्या ॲपमध्येही त्या नंबरासमोर हॉटेलचंच नाव दिसलं. आता मला माहीत आहे की तिथली नावं लोकांनीच भरलेली असतात. आपल्या नंबराला हवं ते नाव लावून घेणं अवघड नाही. व्हॉट्सॲपवर हॉटेलचं बोधचिन्ह, बाल्कनीतून काढलेला दरीचा व्हिडिओ, खोल्यांचं दरपत्रक, सगळं आलं.

दोन खोल्या, तीन रात्री, एकूण २७,००० रुपये. निम्मे आगाऊ, म्हणजे १३,५००. क्यूआर कोड आला. स्कॅन केल्यावर पडद्यावर हॉटेलचं नाव न येता एका व्यक्तीचं नाव आलं. दादाने लगेच विचारलं. उत्तर तयार होतं: मालकांच्या पुतण्याचं खातं आहे, सीझनमध्ये हॉटेलच्या खात्याची मर्यादा संपते. दादाने पैसे पाठवले आणि पाच मिनिटांत बुकिंगचं व्हाउचर आलं. त्यावर हॉटेलचा पत्ता, आमची नावं, खाली जीएसटी क्रमांक.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच आवाजाचा फोन आला. ‘अकाउंट्स से बोल रहा हूँ सर, आपका जीएसटी बिल जनरेट नहीं हो रहा.’ त्याने सांगितलं की यूपीआय ॲप उघडा, रकमेच्या रकान्यात १३,४९९ हा बुकिंग कोड टाका, सिस्टीम तो ओळखेल आणि पैसे लगेच उलटे येतील. दादाने पिन टाकला आणि १३,४९९ रुपये खात्यातून गेले. परत काहीच आलं नाही. तो म्हणाला, एरर आली, आणखी एकदा टाका. इथे दादाने साफ नकार दिला आणि आवाज चढवला.

यानंतर त्या माणसाने जे केलं ते मला सगळ्यात घातक वाटतं. तो भांडला नाही, फोनही कापला नाही. शांतपणे म्हणाला, ‘कोई बात नहीं सर, मैंने ये आपके टोटल में ॲडजस्ट कर दिया. अब चेक-इन पे कुछ नहीं देना.’ आणि खरोखर नवीन व्हाउचर पाठवलं, त्यावर ‘पूर्ण रक्कम जमा’. हिशेब जुळत होता. २७,००० चं बुकिंग, २६,९९९ दिलेले. संशयाला जागाच उरली नाही. अशा प्रकरणात पैसे वाचण्याची शक्यता पहिल्या काही तासांत असते, आणि तेच तास त्याने आम्हाला निर्धास्त ठेवून घालवले. आम्ही तक्रार करण्याऐवजी बॅगा भरत होतो.

दिल्लीहून शताब्दीने डेहराडूनला दुपारी उतरलो. स्टेशनलगतच मसुरीचा बस अड्डा आणि टॅक्सी स्टँड आहे. टॅक्सीचे दर युनियनने ठरवलेले, तिथे काही त्रास झाला नाही. लायब्ररीच्या अलीकडेच गाड्यांची रांग लागली होती आणि मोटारसायकलवरचे दलाल खिडकीशी वाकून ‘रूम चाहिए, रूम?’ विचारत होते. बाबा त्यांना सांगत होते, आमचं झालंय बुकिंग.

रिसेप्शनवरच्या मुलाने व्हाउचर पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला. त्याने रजिस्टर उघडून आमच्यासमोर ठेवलं. त्या तारखेला आमचं नाव नव्हतं, दोन्ही खोल्यांत आदल्या दिवसापासून माणसं होती. काउंटरवर पारदर्शक चिकटपट्टीने एक कागद लावला होता: हॉटेलच्या नावाने कोणी व्हॉट्सॲपवर आगाऊ रक्कम मागितल्यास देऊ नये. आमच्यासारखे लोक आधीही येऊन गेल्याचं त्या कागदावरूनच कळलं. मग त्याने स्वतःच्या हॉटेलचं एक खरं बिल काढून आमच्या व्हाउचरशेजारी ठेवलं. खऱ्या बिलावरचा जीएसटी क्रमांक ०५ ने सुरू होत होता, आमच्या व्हाउचरवरचा ०८ ने.

हे प्रत्येकाला माहीत असायला हवं. जीएसटी क्रमांक पंधरा अंक-अक्षरांचा असतो आणि त्याचे पहिले दोन अंक राज्याचे असतात. उत्तराखंडचे ०५, हिमाचलचे ०२, आपल्या महाराष्ट्राचे २७. ०८ म्हणजे राजस्थान. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर लॉगिन न करताही कुठलाही क्रमांक टाकून तो कोणाच्या नावावर आहे हे बघता येतं. नंतर आम्ही बघितलं, तर तो कुठल्यातरी हार्डवेअरच्या व्यापाऱ्याचा निघाला. त्या बिचाऱ्याला याचा पत्ताही नसेल. कराचा आकडाही बघायला हवा. दिवसाला साडेसात हजारांपर्यंत भाडं असलेल्या खोलीवर सप्टेंबर २०२५ पासून पाच टक्के कर आहे, त्याआधी बारा टक्के होता. २७,००० वर तो १३५० होईल किंवा जुन्या दराने ३२४०. जीएसटी बिलाच्या नावाखाली आमच्याकडून गेले तसे तेरा हजार कधीच होणार नाहीत.

त्या मुलाने सांगितलं की नकाशावरचा त्यांचा नंबर कुणीतरी बदलतं. तिथल्या नोंदीत कुणालाही बदल सुचवता येतो. हॉटेलने दुरुस्त केला की काही दिवसांनी पुन्हा वेगळा नंबर दिसतो. आधीच्या एका कुटुंबाने तर त्यालाच चोर ठरवून आरडाओरडा केला होता. हे मुद्दाम लिहितोय, कारण असं झालं की आपण मसुरीचे लोक लुबाडतात असं म्हणून मोकळे होतो. आमच्याशी फोनवर बोललेला माणूस मसुरीत होता असं मानायला काहीच आधार नाही. जो मसुरीत होता त्याने आईला खुर्ची दिली, चहा दिला, आणि शुक्रवारच्या त्या तुडुंब गर्दीत ओळखीच्या ठिकाणी फोन लावत बसला. अंधार पडता पडता मसुरीलगतच्या बार्लोगंजला एका घरात एकच खोली मिळाली, त्यात आम्ही पाचही जण झोपलो. खोलीपर्यंत पायऱ्या होत्याच. बाबा कठड्याला धरून एकेक पायरी उतरले आणि काही बोलले नाहीत. पैसे गेल्याचं दुःख आहे, पण दादाला ते दृश्य जास्त लागलं.

रात्रीच १९३० या सायबर फसवणुकीच्या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. त्यांनी व्यवहाराची तारीख, वेळ, आपली बँक आणि यूपीआयचा बारा अंकी संदर्भ क्रमांक विचारला. ॲपमधला त्या व्यवहाराचा तपशील उघडला की तो दिसतो, तो आधीच लिहून ठेवा. तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवरही करता येते, कुठल्याही राज्यातून, जिथे फसवलं गेलं तिथेच जायची गरज नाही. तक्रार वेळेत गेली तर पैसे ज्या खात्यात गेले ते खातं आणि तिथून पुढे ज्या खात्यांत गेले ती खातीही बँका गोठवू शकतात. आमचा पहिला हप्ता केव्हाच काढून घेतला होता. दुसऱ्यातली थोडी रक्कम एका खात्यात अडकवली आहे असं कळलं, ती अजून हातात आलेली नाही. बँकेकडून भरपाईचा मार्गही आमच्यासाठी बंद होता. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने ग्राहकाला संरक्षण दिलं होतं, पण ते अनधिकृत व्यवहारांसाठी होतं. इथे पिन खातेदाराने स्वतः टाकलेला होता. यूपीआयचा पिन पैसे देताना किंवा शिल्लक बघताना लागतो, पैसे घेताना कधीच लागत नाही. पैसे परत येणार आहेत म्हणून पिन टाका असं जो सांगतो तो फसवतोच आहे, त्याला दुसरा अर्थ नाही.

केवळ हॉटेलांचंच हे नाही. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राने एप्रिल २०२५ मध्ये अशाच बुकिंगबद्दल देशभर इशारा दिला होता: खोटी संकेतस्थळं, शोधल्यावर सगळ्यात वर येणाऱ्या पैसे भरून दिलेल्या जाहिराती, फेसबुक आणि व्हॉट्सॲपवरची खाती. त्यात केदारनाथच्या हेलिकॉप्टरचं नाव पहिलं होतं. मसुरीला जाणारी आपल्याकडची बरीच कुटुंबं पुढे चारधामला जातात, म्हणून सांगतो, केदारनाथचं हेलिकॉप्टर तिकीट आयआरसीटीसीच्या हेलियात्रा संकेतस्थळावरच मिळतं. दुसरीकडे कुणी कितीही खात्रीने देतो म्हणाला तरी देऊ नका पैसे.

आता आमच्या घरी बुकिंगच्या वेळी नंबर एका ठिकाणाहून घेत नाहीत. हॉटेलच्या स्वतःच्या संकेतस्थळावरचा, बुकिंगच्या मोठ्या ॲपवरचा आणि नकाशावरचा नंबर जुळवून बघतात. मसुरी आणि डेहराडूनचा एसटीडी कोड ०१३५ आहे. हॉटेलचा लँडलाइन नंबर सापडला तर त्यावरच फोन करतात, कारण तो खिशात घालून कुठेही बसता येत नाही. सायबरक्राइमच्या त्याच पोर्टलवर संशयित नंबर आणि यूपीआय आयडी तपासायची सोय आहे, तीही वापरतात. पैसे हॉटेलच्या नावाच्या खात्यात जाणार असतील तरच पाठवतात, नाहीतर बुकिंग करत नाहीत. गोड बोलणाऱ्या माणसाला ‘तुमच्या मालकांच्या पुतण्याच्या खात्यात मी पैसे टाकणार नाही’ असं सांगायला सुरुवातीला जड जातं, पण खऱ्या हॉटेलवाल्याला त्याचा राग येत नाही, हे आम्ही पुढच्या प्रवासात पाहिलं.

आणि ज्यांनी येत्या सुट्टीचं बुकिंग असंच फोनवरून करून ठेवलंय, त्यांनी व्हाउचरवरचा नंबर बाजूला ठेवून वेगळ्या ठिकाणाहून मिळवलेल्या नंबरावर आजच हॉटेलला फोन लावा आणि रजिस्टरमध्ये आपलं नाव आहे का ते विचारा. नसेल तर फोन ठेवून लगेच १९३० लावा. त्या वेळी बाकी कुणाशी वाद घालत बसू नका.