काचेवर थेंब गोल झाला म्हणून पैसे देऊ नका: पावसाळी ‘ग्लास कोटिंग’च्या नावाखाली चाललेली फसवणूक

मे महिना संपत आला की सातारा, कराड, सांगली, मिरज या पट्ट्यात वॉशिंग सेंटरबाहेर फ्लेक्स लागतात: ‘नॅनो सिरॅमिक ग्लास कोटिंग, १ वर्ष वॉरंटी, वायपरची गरज नाही’. म्हणजे पावसाचं पाणी टिकू नये म्हणून गाडीच्या समोरच्या काचेवर लावायचा पातळ थर. दर तोंड बघून सांगतात, पंधराशे म्हणतील नाहीतर तीन हजार. जुलैत त्यातल्याच गाड्या काचेच्या कामाला आमच्याकडे येतात आणि तक्रार ठरलेली असते. वायपर थडथडतोय, रात्री समोरच्या गाडीचा लाइट काचभर पसरतोय, कोटिंगआधी जेवढं दिसत होतं तेवढंही आता दिसत नाही.

मेढ्याच्या बाजूने आलेली एक गाडी नमुना म्हणून घ्या. कार्डावर २,२०० रुपये आणि ‘१ वर्ष’ असं पेनने लिहिलेलं. कोटिंगला पाच आठवडे झालेले. काचेवर तिरका टॉर्च मारला तर वायपर फिरतो तेवढ्या अर्धगोलात तेलकट रेघा, अगदी परातीत तूप फिरवल्यासारख्या. बोट ओढलं की बोटाचा माग काचेवर राहत होता. मायक्रोफायबरने पुसलं तर फडक्याला चिकट थर आला आणि त्याला डॅशबोर्ड पॉलिशचा गोडसर वास होता. डाव्या बाजूला वरच्या कोपऱ्यात मात्र, जिथे वायपर पोचतच नाही, तिथे पाण्याचे थेंब छान गोल होत होते. मालक वॉरंटी मागायला गेले तेव्हा दुकानदाराने नेमकं त्याच कोपऱ्यावर पाणी मारून दाखवलं. “बघा दादा, कोटिंग जिवंत आहे. वायपरचा एरिया वॉरंटीत येत नाही.”

वायपरचा एरिया सोडला तर समोरच्या काचेत उरतं काय? ड्रायव्हर बघतो तो भाग तोच. त्याची जबाबदारी घ्यायची नसेल तर पैसे कशाचे घेतले?

आता मूळ मुद्दा. थेंब गोल होणं हा कोटिंग चांगलं असल्याचा पुरावा नाही. स्वच्छ काचेवर पाणी चादरीसारखं पसरतं. त्या काचेवर कुठलीही तेलकट वस्तू फिरवली की पाणी गोळा व्हायला लागतं. डॅशबोर्ड पॉलिश, टायर पॉलिश, गाडीचं वॅक्स, खोबरेल तेलाचा हात, काहीही चालतं. दुकानात स्प्रे बाटलीने दाखवतात तो एवढाच खेळ. खऱ्या कोटिंगमध्ये सिलिकॉनची किंवा फ्लोरिनची अशी रसायनं असतात जी काचेच्या पृष्ठभागाला रासायनिक बंधाने चिकटतात. त्यावर थेंब काचेशी साधारण १०० ते ११० अंशांचा कोन करून बसतो. पण बघायचं असतं ते तो घसरतो का. चांगल्या कोटिंगवरचा थेंब जागचा निघून खाली पळतो आणि मागे ओल ठेवत नाही. तेलकट थरावरचा थेंब गोल दिसतो, पण चिकटून बसतो, आणि हलला तर मागे शेपूट सोडतो.

दुकानदाराने पाण्याचा स्प्रे मारून दाखवला की म्हणूनच दोन गोष्टी करायला सांगा. काचेच्या मधोमध वीतभर जागा भांड्याच्या लिक्विडने घासून धुवा, आयसोप्रोपिल अल्कोहोल (तेलकटपणा काढणारं, पटकन उडून जाणारं द्रव) लावलेल्या फडक्याने पुसा आणि परत पाणी मारा. काचेशी बांधलं गेलेलं कोटिंग एवढ्याने जात नाही, पॉलिश बहुतेक वेळा तिथेच उघडं पडतं. मग कोरड्या काचेवर स्वच्छ बोट ओढा. माग उठला तर ते कोटिंग नव्हे.

बाकीचे प्रयोग तर काचेच्या बाबतीत निव्वळ तमाशा आहेत. ‘९एच’ म्हणजे पेन्सिलच्या टोकाने केलेली कडकपणाची चाचणी, ती रंगाच्या आणि लेपाच्या थरासाठी असते. साध्या काचेवरही ९एच पेन्सिलने ओरखडा उठत नाही, त्यामुळे काचेवर ९एच लावून तुम्हाला नवीन काही मिळत नाही. लायटर पेटवून काच जळत नाही हे दाखवतात. कोटिंग नसलेली काच तरी कुठे जळते? आणि थर खरोखरच नॅनोमीटरमध्ये असेल तर तो हायवेवर डंपरच्या चाकातून उडालेला खडा अडवणार नाही. ‘स्क्रॅच प्रूफ’, ‘स्टोन प्रूफ’ हे शब्द ऐकले की तिथूनच गाडी वळवावी.

‘वायपर लागणारच नाही’ हा दावा आपल्या भागात सगळ्यात घातक आहे. कोटिंगवरचे थेंब वाऱ्याने उडतात, आणि त्यासाठी वेग साधारण ताशी ६० किलोमीटरच्या पुढे लागतो. पुणे-बंगळूर हायवेवर साताऱ्याहून कराडला जाताना त्याचा खरा उपयोग होतो, आम्ही नाही म्हणत नाही. ट्रकच्या मागून येणारा फवारा लवकर साफ होतो, वायपरचा वेग एक पायरी कमी चालतो. पण विकताना नाव कुठलं घेतात? कास, ठोसेघर, महाबळेश्वर. यवतेश्वर, पसरणी, आंबेनळी, कुंभार्ली या घाटांत पावसात गाडी २०-३० च्या वेगाने चालते. तिथे थेंब उडत नाहीत, काचेवरच बसून राहतात, आणि रात्री समोरून येणाऱ्या एसटीचा लाइट एकेका थेंबात फुटतो. पसरलेल्या पाण्यातून जेवढं दिसलं असतं त्यापेक्षाही कमी दिसतं. घाटात वायपर चालूच पाहिजे, कोटिंग असो वा नसो. केंद्रीय मोटार वाहन नियमांत वायपरसाठी वेगळा नियम आहे, १०१ क्रमांकाचा. विक्रेत्याच्या शब्दावर वायपर काढून ठेवणं हा जिवाशी खेळ आहे.

धुक्याचंही असंच. ‘आतून पण मारून देतो, काच धुरकट होणार नाही’ असं म्हणून पाचशे रुपये वर लावतात. पाणी झटकणारं रसायन काचेच्या आतल्या बाजूला मारलं तर वाफ बारीक बारीक थेंबांत जमते आणि धूसरपणा वाढतो. धुकं धरू नये म्हणून असतं ते रसायन नेमकं उलट्या स्वभावाचं, पाणी पसरवणारं. आतली वाफ घालवायची असेल तर एसी चालू ठेवा, हवा काचेवर वळवा, आत फिरणारी हवा बंद करून बाहेरची घ्या. काच बाहेरून धूसर झाली तर ती एसीमुळे जास्त थंड झालेली असते; वायपर मारा आणि तापमान थोडं वाढवा. यासाठी कुणाला पैसे द्यायचं कारण नाही.

कोटिंग नीट करायचं तर वेळ कुठे जातो ते कळलं की वीस मिनिटांत होणारं काम ओळखता येतं. खरा वेळ कोटिंगला लागत नाही, काच साफ करायला लागतो. काचेवर डिझेलची काजळी असते, पहिल्या पावसात रस्त्यावरून उडालेलं तेल असतं, वॅक्सवाल्या शाम्पूचा थर असतो. बोअरच्या जड पाण्याने धुतलेल्या गाडीवर क्षारांचे पांढरे डाग असतात, सांगली बाजूच्या गाड्यांवर ते जास्त दिसतात. याच्यावर लावलेलं रसायन काचेला चिकटत नाही, घाणीला चिकटतं आणि घाणीबरोबर निघून जातं.

आधी साध्या शाम्पूने धुलाई. मग काचेच्या खालच्या जाळीला, रबर बीडिंगला आणि बॉनेटच्या कडेला टेप, कारण काच घासायच्या सिरियम ऑक्साइड पावडरची पांढरी लापशी जाळीत सुकली की महिनोन्‌महिने निघत नाही. एका काचेला २०-३० ग्रॅम सिरियम ऑक्साइड पुरतं, पाणी घालून घट्ट ताकाइतकं पातळ करायचं. मशिनला फेल्ट (नमद्याचं) पॅड, मशिन हळू, काच सतत ओली. मधूनमधून हाताचा पंजा टेकवून बघायचं, काच कोमट लागली की थांबायचं. एकाच जागी दाबून घासलं तर काचेला खड्डा पडतो आणि ड्रायव्हरच्या नजरेसमोर रस्ता लाटेसारखा हलतो. तो दोष परत निघत नाही. नवशिक्या पोराच्या हातात मशिन देऊन मालक फोनवर बोलत असेल तर काम थांबवायला सांगा, भीड धरू नका.

धुतल्यावर काचेवर साधं पाणी सोडायचं. सगळीकडे सलग चादर धरली तर काच स्वच्छ. कुठे पाणी फाटलं तर तेवढी जागा परत. ही चाचणी ग्राहकाने स्वतः उभं राहून बघावी. कोटिंगच्या आधी पाणी पसरायला पाहिजे आणि नंतर जमायला पाहिजे. कोटिंगआधीच काचेवर थेंब जमत असतील तर साफसफाई झालेलीच नाही.

पुढचं काम सोपं आहे. काच कोरडी करून आयसोप्रोपिलने पुसायची, गाडी सावलीत, काच गार. पूर्ण समोरच्या काचेला कोटिंगचं द्रव ५ ते १० मिलिलिटर पुरतं. अर्धी काच आधी, अर्धी नंतर, आडवा हात मग उभा हात, पट्ट्या एकमेकींवर चढवत. बाटलीवर लिहिलं असेल तेवढी मिनिटं थांबायचं, मग किंचित ओल्या मायक्रोफायबरने आणि शेवटी कोरड्याने पुसायचं. धूसर डाग राहिला तर तिथे पाण्याचा फवारा मारून परत पुसायचं. तसाच सोडला तर रात्री तोच डोळ्यात खुपतो. त्यानंतर बाटलीवर सांगितलेला वेळ काच कोरडी ठेवायची, फ्लोरिनवाल्या मालाला १२ ते २४ तास लागतात. सगळं धरून दीड-दोन तास आणि वर गाडी शेडमध्ये. भर जूनमध्ये उघड्यावर, धुलाईच्या रांगेत, ‘चहा घेऊन या, तोवर होतंय’ म्हणणाऱ्याकडे हे होऊ शकत नाही.

किती टिकतं? साधं सिलिकॉनवालं काही आठवडे ते दोन-तीन महिने, फ्लोरिनवालं नीट लावलं तर सहा महिने, क्वचित वर्षभर. वायपर जिथे घासतो तिथे आधी जातं. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिकडे रोज जा-ये असलेल्या गाडीवर एका सीझनमध्ये दोनदा लावायला लागलं तर नवल नाही. जतला किंवा आटपाडीला तीच बाटली वर्ष काढेल, तिथे पावसापेक्षा धूळ जास्त मारते. गाडी कुठे चालते हे न विचारताच जो ‘वर्षभर’ म्हणतो तो अंदाज देत नाही, माल खपवतो.

वायपर थडथडण्यामागेही हेच आहे. थर कुठे आहे, कुठे नाही, आणि रबर तेलकट झालेलं, त्यामुळे पाते कुठे घसरते, कुठे अडकते आणि उडी मारते. मग तोच दुकानदार सांगतो, ‘वायपर गेलेत’ आणि डुप्लिकेट पाती गळ्यात मारतो. पाती बदलायच्या आधी रबरची कड आयसोप्रोपिलने पुसून बघा, फडक्याला काळं यायचं थांबेपर्यंत. बऱ्याचदा आवाज तिथेच बंद होतो.

ॲसिडबद्दल मात्र कडक सांगायचंय. क्षारांचे डाग दोन मिनिटांत घालवतो म्हणणारे काही जण बाथरूमचं ॲसिड वापरतात. त्याने काचेपेक्षा आजूबाजूचे धातूचे भाग आणि क्रोम खराब होतात. त्याहून वाईट म्हणजे फ्लोराइडवालं डाग काढायचं द्रव. ते काच खातं. त्या दिवशी काच चकचकीत दिसते, नंतर उन्हात सगळीकडे दुधाळ पडदा दिसतो. तो पॉलिशनेही पुरता जात नाही, काच बदलावी लागते. काचेमागे कॅमेरा असलेली गाडी असेल तर नवीन काचेनंतर कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशनही, म्हणजे त्याची नजर परत नेमकी जुळवणं, करून घ्यावं लागतं. हातात मोजे न घालता असलं द्रव वापरणाऱ्या कामगाराची तर जास्त काळजी वाटते, कारण ते कातडीतून आत शिरून हाडापर्यंत इजा करतं.

पैसे देण्याआधी बाटली सीलबंद बघा आणि तुमच्यासमोर उघडायला लावा. उत्पादकाचं नाव-पत्ता, प्रमाण, एमआरपी, महिना-वर्ष लेबलवर असायलाच पाहिजे. पाण्याच्या बाटलीत भरलेलं निळं-गुलाबी द्रव, ‘कंपनीतून लूज येतं’ असलं काही ऐकून घेऊ नका. बिलावर मालाचं नाव, केलेलं काम आणि ‘वायपर एरियासह’ किती दिवसांची हमी हे लिहून घ्या. छोट्या दुकानाला जीएसटी नोंदणी नसू शकते, पण मग त्याला बिलात जीएसटी लावता येत नाही. लावला असेल तर १५ अक्षरी नंबर पाहिजे आणि महाराष्ट्राचा नंबर २७ ने सुरू होतो.

फसलाच असाल तर काच लगेच साफ करून घेऊ नका, पुरावा जातो. वायपरच्या अर्धगोलात आणि वरच्या कोपऱ्यात एकाच वेळी पाणी मारून व्हिडिओ घ्या, दोन्हीतला फरक एका फ्रेममध्ये आला पाहिजे. रात्री उभ्या गाडीतून, समोर दुसऱ्या गाडीचा लाइट ठेवून एक फोटो घ्या. बिल, कार्ड, फ्लेक्सचा फोटो जोडून दुकानदाराला लेखी द्या. ऐकलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करा. त्यापुढे सातारा आणि सांगली दोन्हीकडे जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही आणि तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते. व्हिडिओ हातात आला की मग काचेवरचा थर भांड्याच्या लिक्विडने, नंतर सिरियम ऑक्साइडने उतरवून घ्या आणि रबर पुसा. कोटिंगशिवायची स्वच्छ काच आणि चांगली पाती एवढ्यावर घाट नीट उतरता येतो.