जुन्या सर्व्हरला ४ टीबीच्या डिस्क: आठ महिन्यांनंतर

आमचा जळगावात लग्नाच्या शूटिंगचा धंदा. एका लग्नाचं फुटेज सहज तीन-चारशे जीबी भरतं, आणि तुळशीचं लग्न लागलं की मान वर करायला फुरसत नसते. म्हणून दिवाळीआधीच सेकंडहँड सर्व्हरमधल्या ५०० जीबीच्या डिस्क काढून चार नव्या, ४ टीबीच्या बसवल्या. कंट्रोलरच्या, म्हणजे डिस्क सांभाळणाऱ्या कार्डाच्या, स्क्रीनवर प्रत्येक डिस्क २ टीबीचीच! दुकानदाराने डुप्लिकेट माल गळ्यात मारला म्हणून त्याला फोनवर नको ते बोललो. तीच डिस्क घरच्या पीसीला लावली, तर पूर्ण ३.६३ टीबी (कंपनीचे ४ टीबी विंडोज असेच मोजतं). त्या माणसाला नंतर भरीत-पुरीची पार्टी द्यावी लागली.

दोष कार्डाच्या वयाचा होता. १०७८ नावाच्या चिपची ती जुनी रेड (RAID, अनेक डिस्क एकत्र चालवणारी) कार्डं सेक्टरचा, म्हणजे डिस्कवरच्या छोट्या कप्प्याचा, पत्ता ३२ बिटांतच मोजतात. म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ सेक्टर, प्रत्येकी ५१२ बाइट. डिस्कवाल्यांच्या हिशेबाने हे २.२ टीबी, कार्डाच्या हिशेबाने २. त्यापुढची जागा त्याच्या लेखी नाहीच. कार्डाचं नवं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) चढवून पाहिलं, फरक शून्य. शेवटी त्यापुढच्या, २१०८ चिपचं वापरलेलं कार्ड मागवलं, तर केबलचं तोंडच वेगळं निघालं. आणखी पाच दिवस गेले.

त्यानंतर मात्र चारही डिस्क पूर्ण दिसल्या. रेड १० केलं, म्हणजे प्रत्येक गोष्टीची दुसऱ्या डिस्कवर प्रत; त्यामुळे निम्मी जागा, ७.२७ टीबी हाती आले. विंडोज वेगळ्या छोट्या एसएसडीवर ठेवलं, कारण जुनं बायोस (मशीन सुरू करणारं सॉफ्टवेअर) एवढ्या मोठ्या व्हॉल्यूमवरून बूट होत नाही. डेटाचा व्हॉल्यूम जीपीटी, म्हणजे २ टीबीपुढे चालणाऱ्या मांडणीचा. डिस्क घेताना ५१२ई (बाहेर ५१२ बाइटचे सेक्टर दाखवणारी) आहे ना, हे बघून घ्या; ४के नेटिव्ह (थेट ४०९६ बाइटचे सेक्टर असलेली) या कार्डाला चालत नाही.

खरा त्रास ऐन सीझनमध्ये झाला. चारपैकी एक डिस्क मी पैसे वाचवायला साधी डेस्कटॉपची घेतली होती. खराब सेक्टर लागला की ती वाचायचा प्रयत्न करत बसते. कार्ड तेवढं थांबत नाही, डिस्क मेली समजून बाहेर काढतं. नासची (NAS, नेटवर्कवरच्या सामायिक साठवणुकीसाठी बनवलेली) डिस्क साधारण सात सेकंदांत हात टेकते. एका संध्याकाळी सर्व्हर केकाटायला लागला, आमचा पोरगा धावत आला, "काय व्हयनं भाऊ?" दुसऱ्या दिवशी नासची डिस्क आणून घातली. रीबिल्डला, म्हणजे नव्या डिस्कवर डेटा परत भरायला, पूर्ण रात्र लागली, आणि मी तिथेच खुर्चीवर, टक्केवारी बघत. ४१ टक्क्यांवर लाइट गेली होती. इन्व्हर्टरने तारलं.

कार्डाची बॅटरीही मेलेलीच आली होती. तशात कार्ड राइट-थ्रूवर जातं, म्हणजे डेटा आधी स्वतःच्या मेमरीत न ठेवता थेट डिस्कवर लिहितं, आणि कॉपी रांगायला लागते. नवी बॅटरी टाकल्यावर वेग आला.

मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना फॅन पिठाच्या गिरणीसारखे ओरडायचे. कूलर त्या खोलीत हलवला, घरच्यांची बोलणी खाल्ली. डिस्क मात्र टिकल्या.

सध्या ५ टीबी भरलंय. पुढच्या सीझनला ८ टीबीच्या घेणार, पण आधी एकच आणून कार्डाला दाखवणार.