हब मोटर की मिड-ड्राइव्ह? आडवाटेवर बंद पडल्यावर बघू

ई-एमटीबी, म्हणजे मोटरवाली डोंगरी सायकल, घेताना सगळे रेंज विचारतात. पण लोणावळ्याहून राजमाचीला जाणाऱ्या कच्च्या वाटेवर, जिथे मोबाइललाच रेंज नाही, तिथे सायकल अडली तर आपल्या हातांनी कितपत सुरू होईल, हे दुकानात कुणी विचारत नाही. मी दोन्ही प्रकार वापरलेत. आधी मागच्या चाकात मोटर असलेली हबवाली, आता पेडलपाशी मोटर असलेली मिड-ड्राइव्ह.

सगळ्यात जास्त वेळा होतं ते पंक्चर. बाभळीचा काटा मोटर कुठे आहे ते बघत नाही. मिड-ड्राइव्हचं मागचं चाक साध्या एमटीबीसारखंच असतं: बहुतेक सायकलींना ६ मिमीची अ‍ॅलन की लावली, थ्रू-अ‍ॅक्सल (चाकाच्या आरपार जाणारा दांडा) ओढला की चाक हातात. हबवालीला बहुधा १८ नंबरचा पाना लागतो, झिप टाय कापावे लागतात, मोटरच्या वायरचा कनेक्टर सोडवावा लागतो. परत बसवताना वॉशरचं नाक फ्रेमच्या खाचेत नीट बसलंय का, हे दोनदा बघा. ते चुकलं किंवा नट सैल राहिले, तर मोटरने जोर लावताच अ‍ॅक्सल स्वतःभोवती फिरतो आणि वायर पिळवटते. मग सायकल ढकलतच आणायची.

त्यामुळे हबवालीला मी फाट्यावरच्या पंक्चरवाल्याची पद्धत वापरायचो, चाक काढायचंच नाही. सायकल आडवी करायची, ब्रेकची डिस्क वरच्या बाजूला येईल अशी. टायरची एक कड रिमवरून उतरवायची, ट्यूब बाहेर ओढून हवा भरायची आणि ओल्या गालाजवळून सावकाश फिरवायची. ओढ्याकाठच्या आवाजात फुसफुस ऐकू येत नाही, पण गालाला गार झुळूक बरोबर कळते. तिथे पॅच, मग टायरच्या आतून बोट हळूच फिरवून काटा शोधायचा. टायरची बाजूच फाटली असेल, तर रिकाम्या टूथपेस्टच्या ट्यूबचा तुकडा आतून लावायचा. घरापर्यंत टिकतो. ट्यूबलेस असेल तर दोन्हीकडे प्लगने (भोकात खुपसायची रबरी पट्टी) भागतं.

चेनच्या बाबतीत मात्र उलट आहे. मिड-ड्राइव्हची सगळी ताकद चेनमधूनच जाते, आणि शिमानोची ईपी८ मोटर ८५ न्यूटन-मीटरपर्यंत टॉर्क (फिरवण्याचा जोर) देते, बॉशची नवी परफॉर्मन्स लाइन सीएक्स तर त्याहूनही जास्त. चढावर जोरात पेडल मारत गिअर बदलला की कडी उघडू शकते. माझी उघडली, तीही पावसात. चेन ब्रेकर (कडीची पिन काढायचं हत्यार) होता, क्विक लिंक (चेन जोडायची सुटी कडी) होती, पण ती मागे ११ गिअर असलेल्या, म्हणजे ११ स्पीडच्या चेनची आणि माझी चेन १२ ची. ती काही बसेना. चेन नसली की मोटर आणि बॅटरी धडधाकट असूनही मिड-ड्राइव्ह ही २०-२५ किलोंची ढकलगाडी. सोबतच्या मित्राच्या हबवालीला थ्रॉटल (पेडल न मारता मोटर चालवणारी मूठ) होता. अशी चेन त्याची तुटली असती, तर तो नुसत्या थ्रॉटलवर निवांत घरी गेला असता. (हे त्यानेच वाटेत मला चार वेळा ऐकवलं.) दुरुस्तीत चेन आखूड झाली असेल, तर मागच्या सगळ्यात मोठ्या गिअरवर जाऊ नका, डिरेलर (गिअर बदलणारा भाग) ओढला जातो.

बाकी मोटर अचानक मेली, तर आधी फालतू कारणं तपासा. बऱ्याच हबवाल्यांच्या ब्रेक लिव्हरमध्ये मोटर तोडणारा स्विच असतो. पडल्यावर लिव्हर जरा वाकला की तो दाबलेलाच राहतो आणि सगळी सायकल मेल्यासारखी वाटते. त्याचा कनेक्टर उपटला की मोटर जिवंत होते, फक्त पुढे ब्रेक मारताना मोटर आपोआप थांबणार नाही हे लक्षात ठेवा. मिड-ड्राइव्हवर मागच्या चाकाचा, वेग मोजण्यासाठीचा स्पीड मॅग्नेट सरकलाय का बघा. शिमानोच्या डिस्प्लेवर डब्ल्यू०१३ हा इशारा-कोड दिसला तर बहुधा सुरू करताना पाय पेडलवर होता. पाय काढून पुन्हा सुरू करा. त्यापलीकडे मिड-ड्राइव्हला डीलरचा लॅपटॉपच लागतो. हबवालीचा कंट्रोलर, थ्रॉटल, डिस्प्ले ई-स्कूटर दुरुस्त करणारा पोरगाही जुळवून देतो.

बॅटरी पडून फुगली, तापली किंवा तिला वास यायला लागला, तर सायकल कुठलीही असो, जुगाड करायचा नाही. काढता येत असेल तर काढा आणि लांब ठेवा.

हबवालीचा खरा त्रास लांब, खड्या चढावर. मोटरला सायकलच्या गिअरचा काही उपयोग नाही, त्यामुळे हळू वेगात ती नुसती तापत राहते. त्यावर रस्त्यावरचा एकच उपाय, सावलीत थांबून राहणं. मी खडे चढ आणि सिंगलट्रॅक (एकाच सायकलपुरत्या पायवाटा) करतो, म्हणून मिड-ड्राइव्हच ठेवली आणि आता १२ स्पीडच्या दोन क्विक लिंक सीटखाली चिकटवून टाकल्यात. कोकणातल्या भावाला मात्र हबवालीच घेऊन दिली, थ्रॉटलवाली, सोबत १८ चा पाना. तिथे चढ छोटे आहेत आणि सायकलचं दुकान तालुक्याला.